दुपारच्या गाडीतली मावशी

दुपारची मावशी कांदेपोहे खात नसे. कुणाच्या घरी बशी पुढे आलीच तर ती बोटानं हळूच बाजूला सारायची आणि म्हणायची, "चा दे घोटभर. ह्ये नगं. ह्याचा वास आला की मला अजून पदर नीट कर, पदर नीट कर असं हुतं." नव्या माणसाला वाटायचं, बाईला पित्त असेल. आम्हाला खरं कारण माहीत होतं. लग्नाआधी मावशीला बघायला जितकी स्थळं आली, तितक्यांदा तिच्या आईनं पोहे केले आणि तितक्यांदा ती बशा घेऊन बाहेर आली. पोहे संपायचे आणि नकार यायचा. शेवटी शेवटी तर फोडणीचा वास सुटला की आळीतल्या बायकांना कळायचं, आज परत कुणीतरी आलंय. चार दिवसांनी "काय झालं गं?" म्हणून विचारायला त्याच हजर. "नकाराचं काय न्हाई," मावशी म्हणायची, "देनारा देतो आन् जातो निगून. पर त्येचा वास आळीत ऱ्हातो."

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या वडगावपासून बेगडेवाडीपर्यंत सगळ्या बौद्ध वस्त्यांची ती मावशी होती. नवरा रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये कामाला होता, तो फार लवकर गेला. पदरात एक उशिरा झालेली मुलगी. मावशी बेगडेवाडीला स्टेशनामागच्या वस्तीत राहायची आणि लोणावळ्याच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला जायची. सकाळच्या लोकलनं वर, दुपारच्या लोकलनं खाली. सकाळच्या गाडीत ती शंभरांतली एक असायची. दुपारची गाडी मात्र तिची होती, म्हणून ती दुपारची मावशी. आणि त्या गाडीत ती लग्नं जुळवायची. हो, गाडीत. चालत्या गाडीत, तिकीट काढून.

पद्धत तिनंच बसवलेली. मुलीनं आईबरोबर सकाळीच लोणावळ्याला जायचं. आळीत सांगायचं, डॉक्टरकडे चाललोय. दुपारी मावशीबरोबर परतीच्या गाडीत खिडकीशी बसायचं. मुलाकडच्यांनीही लोणावळ्यालाच चढायचं, पण वेगळ्या दारानं, आणि सहज आल्यासारखं समोरच्या बाकावर टेकायचं. ट्रे नाही, चालून दाखवणं नाही, "स्वयंपाक काय काय येतो" नाही. दोघांनी बोलायचं, आयांनी खिडकीबाहेर बघायचं. मुलीचं स्टेशन आलं की मुलीकडचे उतरणार. मुलगी पसंत असली तर मुलाकडच्यांनीही त्यांच्यामागं उतरायचं आणि स्टेशनाबाहेर सगळ्यांनी मिळून चहा घ्यायचा. पसंत नसली तर बसून राहायचं. गाडी निघून जायची, विषय संपला. कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. आमच्या बायकांत म्हणूनच "काय गं, उतरले का?" असं विचारायची रीत पडली. "बसून ऱ्हायले" एवढं म्हटलं की समजायचं आणि चहा टाकायचा. बसून राहिलेल्याला दोष नसायचा. त्याचं स्टेशन पुढं होतं, इतकंच!

मावशीचा दुसरा नियम जास्त कडक होता. "खोट आदी, खीर मागनं," असं ती म्हणायची. मुलात आणि मुलीत जे काही कमी-जास्त असेल ते मळवली, म्हणजे पहिलंच स्टेशन, यायच्या आत ती स्वतः बोलून टाकायची, तेही सगळ्यांसमोर. एका मुलीला लहानपणी फिट यायच्या, ते तिनं सांगितलं. एका मुलाची नोकरी कंत्राटी आहे आणि बाप दारू पितो, तेही सांगितलं, बाप समोरच बसला होता, तो म्हणाला, "खरं हाय." माझ्या वेळी ती आमच्या ह्यांना म्हणाली, "पोरगी कामाला वाघ हाय, पर जीभ लय तिखट. झेपंल का बगा." आणि माझ्याकडे वळून, तितक्याच प्रेमानं, "ह्यो रातचा घोरतो. आन् चार-पाच वर्सात ह्येच्या डोस्क्यावर काय बी ऱ्हानार न्हाई." दोन्ही भविष्यं खरी झाली. मी तक्रार कुणाकडे करणार? आधी सांगितलं होतं ना!

आमच्या लग्नाची गोष्ट निघालीच आहे तर ती सांगून टाकते, कारण मावशी ती दर लग्नात सांगायची. वडगाव आलं, मी आणि आई उतरलो. हे मागून उतरले. मावशी दारातून ओरडली, "उतरलं! पोरगं उतरलं!" माझ्या आईनं तिथंच डोळ्यांना पदर लावला. ह्यांचे मामा मात्र आतच बसलेले. गाडी सुटली, मामा खिडकीतून हातवारे करतायत, आणि आमचे हे प्लॅटफॉर्मवरच्या नळाला तोंड लावून उभे. पाणी प्यायला उतरले होते! चढायच्या आत गाडी गेली. समोर माझी आई रडतेय, म्हटल्यावर त्यांना काही बोलायचं धाडस झालं नाही. मुकाट्यानं चहा प्यायले. आज इतक्या वर्षांनीसुद्धा भांडण झालं की म्हणतात, "मला तहान लागली होती फक्त." मी म्हणते, "मग पुढच्या स्टेशनाला नव्हता का नळ?"

दुपारची गाडी रिकामी असायची, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. काय रिकामी? रिकाम्या किटल्या घेऊन परतणारे दूधवाले असत, बंगल्यांतून सुटलेल्या आमच्या बायका असत, लेक्चर बुडवलेली पोरं असत, दवाखान्यातून आलेली म्हातारी माणसं असत. पाय लांब करून बसता यायचं, इतकंच काय ते सुख. रिकामी होती म्हणूनच ती आमची होती. भरलेली गाडी कधी कुणाची असते का?

आता मावशीच्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं शेवटी तिच्यावर येऊन थांबतं. छाया तिचं नाव. दिसायला नीटस, शिवणकामात हुशार, बारावी झालेली. पण तिची जीभ अडायची. साधी अडखळायची नाही. शब्द घशात अडकला की डोळे मिटायचे, मान ताणली जायची, आणि बघणाऱ्याचाच जीव घाबरा व्हायचा. त्यात स्वतःचंच नाव छ-नं सुरू होणारं. शाळेत हजेरीला ती नुसता हात वर करायची. वस्तीत तिला तोतरी म्हणत. म्हणजे मावशी नसताना म्हणत.

आणि गाडीत मात्र ही मुलगी घडाघडा बोलायची! खोटं सांगत नाही. लहानपणी एकदा मावशी तिला बंगल्यावर घेऊन गेली होती. परत येताना गाडीनं वेग घेतला, खिडक्या खडखडायला लागल्या, दूधवाल्यांच्या किटल्या एकमेकींवर आपटायला लागल्या, आणि त्या गोंधळात पोरगी एकदम म्हणाली, "आई, त्या बंगल्यातल्या कुत्र्याला वेगळी खोली आहे." सलग. एकही शब्द न अडता. मावशीला वाटलं दुसरंच कुणी बोललं. तिनं तिला परत बोलायला लावलं. कामशेतच्या पुलावर तर आवाज इतका होतो की स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. तिथं छायानं अख्खी कविता म्हणून दाखवली. एका डॉक्टरनं पुढे सांगितलं की असं होतं काही जणांचं, स्वतःचा आवाज कानावर पडला नाही की जीभ मोकळी सुटते. मावशीला त्या कारणाशी काय करायचं होतं? "माजी पोरगी गाडीत बोलती," एवढं तिला पुरेसं होतं. गाडी थांबली की पोरगी थांबायची. मळवलीला अर्धं वाक्य राहिलं तर गाडी हलेपर्यंत दोघी गप्प बसायच्या, आणि गाडी हलली की उरलेलं अर्धं यायचं.

तेव्हापासून मायलेकींचं ठरून गेलं. छाया लोणावळ्याला शिवणाच्या दुकानात लागली ती याच गाडीसाठी. घरी खुणा, गाडीत गप्पा. घरात छाया काही सांगायला लागली आणि अडली की मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवायची, "ऱ्हाऊ दे. दुपारी सांग." आणि दुपारी छाया सगळं सांगायची. दुकानात कोण काय म्हणालं, कुणाचं ब्लाऊज बिघडलं, रात्री काय स्वप्न पडलं. मी कधी त्यांच्या डब्यात असले तर मला ती पोरगी बघून हसू यायचं. माझ्याही वरताण बोलायची. नक्कल तर अशी करायची की बंगल्यातली बाई समोर उभी राहावी.

खंडाळ्याचं स्थळ आलं तेव्हा मावशीनं मला मुद्दाम सोबत घेतलं. "माजी पोरगी हाय, माजं काळीज ठिकान्यावर ऱ्हानार न्हाई. तू बस बाजूला," म्हणाली. मुलगा खंडाळ्याच्या एका हॉटेलाची गाडी चालवायचा. पाहुण्यांना स्टेशनवरून न्यायचं, परत आणून सोडायचं. आईला घेऊन आला होता. बुजरा, हातातला रुमाल घडी घालायचा आणि उलगडायचा. गाडी सुटली, वेग आला, आणि छायानं विचारलं, "रोज घाटात गाडी चालवता, भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "चालवताना नाही. दुसरा चालवत असला की मला मळमळतं." छाया म्हणाली, "मग लग्नाच्या गाडीतसुद्धा तुम्हीच चालवणार का?" आणि लगेच जीभ चावली. तो आधी लाल झाला, मग इतका हसला की रुमाल खाली पडला. त्याची आईही हसली. कामशेत, कान्हे, वडगाव, दोघं बोलतायत. माझं स्टेशन गेलं तरी मी उतरले नाही. असली करमणूक सोडून कोण उतरणार?

तळेगाव जवळ आलं तशी छाया आईच्या कानाशी वाकली. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं. "आई, मी त्यांना सांगते. घरी मला असं बोलता येत नाही ते. आत्ताच सांगते." मावशीनं तिचा हात दाबून धरला. "आज नगं. आज लय चांगलं चाललंय. पुडच्या खेपंला सांगू." मी मावशीकडे बघितलं. जिनं माझ्या तिखट जिभेपासून कुणाच्या बापाच्या दारूपर्यंत सगळं मळवलीच्या आत बोलून टाकलं, ती बाई तळेगाव आलं तरी स्वतःच्या मुलीचं एक वाक्य दाबून बसली होती. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. मलाही वाटलं, जाऊ दे, आई आहे.

बेगडेवाडीला ते उतरले. दोघंही उतरले! स्टेशनाबाहेर चहा झाला. तिथं छाया नुसती मान हलवत होती. त्यांना वाटलं लाजली. मुलाची आई म्हणाली, "थोरला मुलगा बघून घेऊ दे, घरचा कर्ता आहे. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन परत असंच गाडीत बसू, आणि मग विहारात तारीख धरू." मावशीनं त्या दिवशी चहावाल्याच्या पोराला बिस्किटाचा पुडा दिला आणि मला रस्ताभर मिठी मारत आली.

पुढचा आठवडा आलाच नाही. साथ आली, देशभर सगळं बंद झालं, गाड्याही बंद झाल्या. तेव्हा सगळ्यांचंच अडलं होतं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण मग दारं उघडली. कारखाने सुरू झाले, सकाळच्या गाड्या सुरू झाल्या, संध्याकाळच्या सुरू झाल्या. मधली दुपार तशीच राहिली. दुपारी रुळांची कामं करायची असतात असं कुणी म्हणालं, गाडी रिकामी धावायची असं कुणी म्हणालं. मावशी बंगल्यातून सुटली की लोणावळा स्टेशनवर जायची आणि तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाला विचारायची, "भाऊ, दुपारची कदी?" तो बिचारा म्हणायचा, "मावशी, वरून काही आलं नाही अजून." मग ती बाकावर बसून राहायची ती संध्याकाळच्या गाडीपर्यंत. तिच्यासमोरून लांबच्या गाड्या धाडधाड जायच्या. "ह्यास्नी बरी वाट मोकळी हाय," ती म्हणायची. "आमालाच तेवडी अडचन."

खंडाळ्याहून मुलाच्या आईचा फोन आला. आता किती थांबायचं, घरीच येतो. मावशी म्हणाली, "गाडी सुरू हू द्या. आमच्यात गाडीतच दावत्यात." पहिल्यांदा ती बाई हसली. दुसऱ्या फोनला हसली नाही. मी मावशीला म्हटलं, "मावशी, वेडी आहेस का? गाडीसाठी कुणी स्थळ अडवतं का? त्यांना खरं काय ते सांग आणि मोकळी हो." तर म्हणाली, "फोनवर कसं सांगू? त्येंनी तिला बोलताना बगितलंय. फोनवर सांगितलं तर नुसतं तोतरी ऐकतील. गाडीत बसली, बोलली, आन् मग तिनं सोताच्या तोंडानं सांगितलं, तर कुनाला काय वाटनार न्हाई. येत्या म्हैन्यात सुरू हुनार हाय गाडी. फाटकावरचा सांगत हुता." असे किती येते महिने आले आणि गेले. फाटकावरचा काय, कुणीही मावशीला बरं वाटावं म्हणून काहीही सांगायचं.

सकाळच्या गाडीत बसवून बघितलं. तिथं माणसाला माणूस चिकटलेला, संध्याकाळीही तेच. पाच जण तोंडाकडे बघत असताना छायाच्या तोंडून शब्द येईना. रविवारी बसवून बघितलं, तर सगळा डबा पर्यटकांनी भरलेला, मांडीवर स्पीकर, नाच चाललेला. सहा आसनी रिक्षात बसवलं, तिथं आवाज होता पण गुडघ्याला गुडघा लागून परका माणूस होता. कुठंच जमलं नाही. तिला ती गाडी हवी होती. अर्धी रिकामी, खडखडणारी, कुणाचं कुणाकडे लक्ष नसलेली.

शेवटी मुलाच्या थोरल्या भावानं निरोप धाडला: या रविवारी घरी येतो, नाहीतर दुसरीकडे बघतो. आणि दुपारच्या मावशीनं आपल्या घरात, आपल्या हातानं पोहे केले. मी कांदा चिरून देत होते. फोडणी टाकताना तिनं तोंड फिरवून घेतलं.

ते तिघं आले. बसले. घरात पंखा होता, त्याचा आवाज पुरेल का म्हणून मावशीनं तो मोठा केला. थोरला भाऊ माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळे विचारतात तेच विचारलं. "नाव काय बाळ तुझं?"

छायानं डोळे मिटले. छ वर ती थांबली. मान ताणली गेली, ओठ एका बाजूला गेले. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि तेच तर नको होतं. भावानं थोडा वेळ वाट बघितली, मग धाकट्याकडे बघितलं. धाकटा पांढरा पडला होता. "गाडीत तर..." एवढंच तो म्हणाला.

"गाडीत हीच होती का?" भावानं विचारलं. "का दुसरीच दाखवली होती?"

"हीच होती रे," त्याची आई म्हणाली. "मी समोरच होते."

"मग तेव्हा का नाही सांगितलं? मावशी, अख्ख्या मावळात तुमचं नाव आहे, आधी खोट सांगणारी म्हणून. आम्हालाच का नाही?"

मावशी उभी होती, हातात बशी. मी काहीतरी बोलायला गेले, गाडीचा आवाज, डॉक्टर, असं काहीबाही. ते माझ्या तोंडातून निघताना मलाच खोटं वाटलं. गाडीत असती तर छाया सांगू शकली असती. तिला सगळं सांगायचं होतं, तेव्हापासून सांगायचं होतं, ती "मी... मी... मी..." करत होती आणि सगळ्यांनी खाली माना घातल्या होत्या. शेवटी भाऊ म्हणाला, "राहू दे बाळ, त्रास नको करून घेऊ." प्रेमानंच म्हणाला. त्यांनी पोहे खाल्ले, पाणी घेतलं आणि निघाले. मुलगा दाराशी थांबला, छायाकडे वळला, परत फिरला.

त्यानं चार दिवसांनी फोन केला होता. फोन छायानंच उचलला. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. तिच्याकडून आवाज नाही. त्याला वाटलं, रागावलीय, बोलायचं नाहीये. त्यानं ठेवून दिला. हे मला पुढे त्याच्या हॉटेलातल्या एका बाईकडून कळलं, तोवर त्याचं लग्न झालं होतं. कुणाला दोष देऊ? मला तर दोष द्यायला एक माणूस हवा होता, मिळालाच नाही.

त्यानंतर मावशीकडे सोयरिकीसाठी कुणी आलं नाही. कुणी तिला बोललं नाही. पण आता मोबाईलवर बायोडाटा येतात, फोटो येतात, नापसंत असलं तर उत्तरच द्यायचं नाही. "बसून ऱ्हायल्यावानीच की ह्ये," मावशी एकदा म्हणाली, "पर गाडीत निदान सोबत पर्वास तरी व्हायचा." तिची नोकरी सुटली, धाप लागायला लागली. छाया घरीच शिवण करायला लागली. दोघी एका खोलीत दिवसभर समोरासमोर असायच्या आणि घरात मशीनचा तेवढा आवाज. मी विचारलं, मशीनच्या आवाजात बोलते का गं? मावशीनं मान हलवली. "लय बारीक आवाज हाय त्येचा."

शेवटचं भेटले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले. छाया पाण्याला गेली होती. मावशीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सुमन, माजं चुकलं गं. त्या पोराला सांगितलं न्हाई, त्ये तर चुकलंच. पर त्येच्या लय आदी चुकलं. घरात पोरगी अडली की मी म्हनायची, ऱ्हाऊ दे, दुपारी सांग. अडत अडत का हुईना, घरात बोलली असती. चार लोकांत बोलली असती. मीच बोलू दिली न्हाई. सगळं दुपारवर ढकललं. मला काय ठाव, दुपारच काडून घेतील?" मी म्हटलं, "मावशी, असं नको बोलूस. तू तिला बोलतं केलंस." तिनं माझा हात सोडला. "कुटं केलं?" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आवरेना. आठवड्याच्या आत ती गेली. विहारात वंदना झाली तेव्हा भिक्खूंनी विचारलं, मुलीला दोन शब्द बोलायचे आहेत का. सगळ्यांनी घाईघाईनं नको म्हटलं. छायाला कुणी विचारलंच नाही.

मावशीच्या जागी बंगल्यात आता छाया जाते. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. परवा लोणावळ्याला काम होतं म्हणून मी तिथं डोकावले. बंगल्यातल्या बाई चांगल्या आहेत, मला बसवून चहा दिला. छाया आत पोळ्या करत होती. मला बघून हसली, पीठ लागलेला हात वर केला.

"फार गुणी मुलगी आहे हो," बाई म्हणाल्या. "आई जरा बोलकी होती. ही म्हणजे शब्द काढत नाही. कटकट नाही, उलट उत्तर नाही. आम्हाला अशीच हवी होती."

"बोलते हो ती," मी म्हणाले. "खूप छान बोलते. नक्कल करते, थट्टा करते. तुम्ही ऐकलं नाहीये."

"हो का?" बाईंना खरंच नवल वाटलं. "कुठे बोलते?"

मी तोंड उघडलं. आणि मग मला कळलं की आता असं एकही ठिकाण नाही, ज्याचं नाव मी त्यांना सांगू शकेन.